चार बोटं खाली

१

चौतीस वर्षं मी तस्तूरच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. माणूस आला की एक ओळ, गेला की दुसरी. मधल्या भागाशी आमच्या खात्याचा संबंध नव्हता. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने मी घरात बसून माझ्या बायकोला, मोंजियाला, स्वयंपाकातल्या सुधारणा सुचवल्या. तिसऱ्या महिन्यात तिनेच माझ्यासाठी भंगारातली पिकअप शोधून दिली.

खरं कारण अनीस. आमचा एकुलता एक. चार वर्षांपूर्वी तो समुद्रकाठच्या स्फॅक्सला नोकरी लागली असं सांगून निघाला. नोकरी कसली ते मला त्याच्या पिशवीवरून कळलं होतं. नोकरीला जाणारा माणूस पोहायची फुगवायची ट्यूब बरोबर नेत नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो टॅक्सीत बसला तेव्हा मोंजिया भांडं भरून धावली. जाणाऱ्याच्या मागे पाणी टाकलं की तो परत येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तिचं मनगट धरलं. "रस्त्यावर पाणी सांडून पोरं परत येत असती," मी म्हणालो, "तर मला ऑफिसात काम उरलं नसतं." पाणी तिच्याच चपलांवर सांडलं.

चोरून समुद्र ओलांडणाऱ्या त्या होडीत आमच्या गावची चार पोरं होती. पलीकडे पोचला तो अनीस एकटा. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि फोनवर असलं काही विचारायचं नसतं. गेल्या वर्षअखेर त्याला तिकडे राहायचे कागद मिळाले. जूनमधल्या एका शनिवारी बोटीने येतो म्हणाला, आणि हसून पुढे म्हणाला, "बाबा, लहानपणी डाळिंबं न्यायला असायची ना, मागे ताडपत्रीवाली? तसल्या गाडीतून या मला न्यायला."

माझ्याशी तो चार वर्षांत पहिल्यांदा हसला होता. म्हणून गाडी.

२

गाडी शेजारच्या स्लूगिया गावातल्या दलेंदा मावशीची. नवरा खमैस. दर शनिवारी सकाळी तो डाळिंबं घेऊन राजधानीच्या बाजाराला जायचा. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी गेला, आणि दुपारी मेजर्दा नदीच्या उतारावर गाडी सापडली: दारं उघडी, मागचा हौदा रिकामा, नदी तुडुंब. खमैस सापडला नाही. देह नाही तर नोंद नाही. आमच्या रजिस्टरात तो आजही हयात आहे, वय वर्षं बहात्तर.

गाडी ओढून न्यायला मी आणि जल्लूल गेलो. जल्लूल म्हणजे मोंजियाचा धाकटा भाऊ, बस डेपोत मिस्त्री. सोमवार ते शुक्रवार तो सरकारी बस बिघडवतो आणि उरलेले दोन दिवस माणसाचं काम करतो, असं त्याचंच म्हणणं. त्यामुळे माझ्यासारख्या रिकाम्या माणसालाही शनिवार-रविवारच काम.

गाडी दोराने हलली तशी म्हातारी मातीचं भांडं घेऊन आली आणि पाणी मागे फेकलं. जल्लूल खिडकीतून ओरडला, "मावशे, विकलेल्या गाडीमागे पाणी टाकतं का कुणी? परत येईल ना ती!"

"सवय, पोरा," म्हातारी म्हणाली. भांडं मात्र तिने सवयीसारखं धरलं नव्हतं.

३

आमच्या घराला लागून माझ्या वडिलांच्या खेचराची खोली आहे. एक दार गल्लीकडे, बाकी तीन भिंती बंद. गाडी आत घेतली ती तोंड दाराकडे, पाठ आतल्या भिंतीकडे. चाकं काढली, लाकडी ठोकळ्यांवर चढवली, इंजिन उतरवून कोपऱ्यात ठेवलं. जल्लूलने गंजलेल्या तळातून हात घालून मला टाटा केला.

"दाजी, ही गाडी नाही. ही जाळी आहे. हिच्यात कोंबड्या पाळा."

दुसऱ्या शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर गाडीमागची फरशी ओली. मी कारकून असल्यामुळे आधी छत तपासलं. कोरडं. मग नळ: त्या खोलीत नळच नाही. मग मोंजियाला तपासलं.

"मला काय कामं नाहीत?" ती म्हणाली. "गाडीला आंघोळ घालायची तर पुढून घालेन, मागून कशाला?"

तो प्रश्न बरोबर होता. ओल मागच्याच बाजूला होती, आणि तिला आकार होता. गळणारं पाणी गोल साचतं. हे पंख्यासारखं पसरलं होतं: भिंतीपाशी अरुंद, गाडीकडे रुंद, आणि शेवटचे थेंब हौद्याच्या फळीवर. कुणीतरी भिंतीला पाठ लावून भांडं उपडं केल्यासारखं.

रविवारी वाळलं. पुढच्या शनिवारी पुन्हा.

४

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चौतीस वर्षं लोक माझ्याकडे येऊन जे घडलं ते सांगत, आणि मी ते रकान्यात बसवत असे. रकान्यात न बसणारं काही पहिल्यांदाच घरपोच आलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी फरशीवर बारीक पीठ भुरभुरवलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी पीठ पंख्याच्या आकारात धुतलं गेलं होतं. पावलं नव्हती. भिंतीपाशी मात्र दोन ठिकाणी पीठ कोरडं आणि दाबलेलं होतं, एकमेकांपासून वीतभर. मी तिथे उभा राहून पाहिलं. माझे बूट त्यात मावले नाहीत. बाईचे मावले असते.

मग मी बोट बुडवून चाखलं. आयुष्यभर शिक्क्याची शाई जिभेवर घेतलेल्या माणसाला कसली किळस? पाण्याला डांबराची चव होती. पूर्वी मातीच्या भांड्यांना आतून झाडाचं डांबर लावत, पाणी थंड राहावं म्हणून. आमच्या घरात असलं भांडं माझी आई गेल्यापासून नाही. मोंजिया पाणी प्लास्टिकच्या बाटलीतून फ्रीजमध्ये ठेवते.

जल्लूलला सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, पेन्शनीत माणसं भाजी आणतात, पत्ते खेळतात. फरशी चाटत नाहीत."

तरी त्या दिवशी तो गाडीखाली सरकताना दोनदा मागच्या भिंतीकडे बघून घेताना मी पाहिलं.

५

मार्चपर्यंत तळ नवा झाला. इंजिन पहिल्यांदा खोकलं तेव्हा मोंजियाने बदामाचा चहा केला. चाकं चढवली, ठोकळे काढले, आणि गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. वाकडी. मागची उजवी बाजू चार बोटं खाली.

"स्प्रिंगचे पाटे गेले," जल्लूल म्हणाला, आणि पुढच्या शनिवारी नवे पाटे बसवले. चार बोटं खालीच. त्याने पाटे डावे-उजवे बदलले. चार बोटं खाली, उजवीच. टायर बदलले, फरशी तिरकी नाही ना ते पाणसळ लावून पाहिलं. मग तो बराच वेळ गाडीमागे उकिडवा बसून राहिला. बडबड्या माणूस गप्प झाला की खोलीतले बाकीचे आवाज ऐकू येतात. पाट्यांची हळूच करकर होत होती. गाडी बंद, इंजिन बंद. कुणीतरी या मांडीवरून त्या मांडीवर वजन टाकावं तसली करकर.

"यात कुणी बसलंय असं वाटतंय की नाही?" मी विचारलं.

"दाजी, तुम्ही वाटणं बंद करा. मला इथे एकट्याला काम करावं लागतं."

हौदा मी स्वतः बघितला. नव्या फळ्या, नवी ताडपत्री, आत कोणी नाही. उजव्या कोपऱ्यात, जिथे बाजाराला निघालेला माणूस सावलीत टेकून बसेल, तिथली फळी गरम होती. पत्र्याच्या सावलीत, मार्चच्या सकाळी.

६

पुढच्या शनिवारी मी काम जल्लूलवर सोपवलं आणि स्लूगियाला गेलो. दलेंदा मावशी अंगणात होती. मला बघून तिने मान हलवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. डेऱ्यातून मातीच्या भांड्यात पाणी घेऊन ती रिकाम्या गोठ्याकडे गेली. गाडी तिथे एकेचाळीस वर्षं उभी होती; चार चाकांचे खड्डे अजून होते. म्हातारी पाठीमागच्या भिंतीला टेकली आणि पाणी फेकलं.

मी पाणी उडताना पाहिलं. उन्हात चमकलं. जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. मी पुढे जाऊन वाकलो, मातीला हात लावला. कोरडी, भुसभुशीत, मुंग्या चाललेल्या.

"मावशी, पाणी कुठे गेलं?"

"जिथे टाकलं तिथे," ती म्हणाली. "बस. भाकरी खाशील?"

भाकरी आणि ऑलिव्ह खाताना ती आपणहून बोलली. त्या शनिवारी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही. भांडं भरलेलं होतं. तो मागे वळून बघत थांबला होता. "मी नाही टाकलं," ती म्हणाली. "म्हटलं, बघू या कसा येतोस. तेव्हापासून दर शनिवारी टाकते. उशिरा का होईना." मग माझ्याकडे बघून, "तुझ्याकडे नोंद मागायला मी कधी आले नाही, आठवतं का? बाकीच्या येतात."

येत. त्या होडीतल्या तिन्ही पोरांच्या आया माझ्या खिडकीशी येत. देह नाही तर नोंद नाही, कोर्टात जा, हे वाक्य मी तिघींना नीट समजावून सांगितलं होतं. त्यातली सलवा दर महिन्याला येई. "माझ्या वज्दीच्या पायात हिरव्या नाडीचे बूट होते," ती म्हणे. "तेवढं तरी लिहून घ्या, बूबकर साहेब." त्यासाठी रकाना नव्हता. मी लिहून घेतलं नाही.

घरी आलो तर जल्लूल दारात, पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत ओला.

"मी गाडीखाली होतो," तो म्हणाला. विनोद करायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "कुणी टाकलं, दाजी?"

"किती वाजता?"

आमच्या गावात हा प्रश्न सोपा नाही, कारण मोठ्या मशिदीवरचं घड्याळ उलटं फिरतं आणि परदेशी लोक त्याचे फोटो काढतात. पण जल्लूलच्या मनगटावर डेपोचं घड्याळ होतं. नऊ वाजून दहा मिनिटं. मी स्लूगियात वाकून मातीला हात लावला तेव्हाची वेळ.

७

जूनचा तो शनिवार उजाडला. गाडी आकाशी रंगात, ताडपत्री ताणलेली, मागची उजवी बाजू चार बोटं खाली. मी दार उघडलं आणि सवयीने मागे गेलो.

फरशी कोरडी होती.

सात महिन्यांत पहिल्यांदा. मी भिंतीला हात लावला, फळीला लावला. नऊ वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती, तरी साडेनऊपर्यंत थांबलो. काही नाही. या सगळ्यात मला एकदाही भीती वाटली नव्हती. ती त्या कोरड्या फरशीने वाटली. मुलाला आणायला निघालो होतो, आणि आजच कुणी पाणी टाकत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. मोंजिया तळायच्या ब्रीकच्या सारणासाठी बटाटे कुस्करत होती.

"पाणी टाक," मी म्हणालो.

"कशावर?"

"गाडीमागे. मी निघालोय."

तिने हात पुसले. पंचविशीपासून माझ्याशी संसार केलेली बाई, बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. ती न्हाणीघरात गेली आणि बाहेर आली ती कपडे धुण्याचा मोठा टब दोन्ही हातांनी धरून, डुचमळत.

"अगं, भांडंभर टाकतात!"

"तुमच्या हातात माझं मनगट होतं ना त्या दिवशी? आता गाडीचं स्टीअरिंग धरा."

मी गाडी बाहेर काढली. तिने अख्खा टब ओतला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जल्लूलने पाय उचलून उडी मारली.

"ताई, बस! एवढ्या पाण्याने तर अख्ख्या गावाची पोरं परत येतील!"

गल्लीतले सगळे हसले. समोरच्या दारात सलवा उभी होती. तिनेही हसायचा प्रयत्न केला.

८

स्लूगिया बंदराच्या वाटेवरच आहे. फाट्यावर गाडी मी वळवली की ती वळली, हे मी शपथेवर सांगणार नाही. दलेंदा मावशी दारात उभी होती. केसांना मेंदी, अंगावर लग्नातली ओढणी.

"मावशी, आज पाणी टाकलं नाहीस?"

"आज कशाला?" ती म्हणाली. "येणाऱ्याच्या पुढे कुणी पाणी टाकतं?"

ती गाडीमागे गेली. मी बसून राहिलो. आरशात मला ताडपत्रीची कड आणि तिची कोपरं दिसत होती. तिने ताडपत्री उचलली, आत बघितलं, आणि बाजारातून उशिरा आलेल्या नवऱ्याला म्हणतात त्या सुरात म्हणाली, "उतर. भाकरी गार झाली."

पाटे करकरले. माझी सीट उचलली गेली. उजवीकडून, हळू, चार बोटं. म्हातारी घराकडे चालू लागली. तिचा एक हात अंगापासून थोडा दूर होता, दुसऱ्याच्या बाहीला धरल्यासारखा. दार लागलं.

मी उतरून गाडीभोवती फेरी मारली. गाडी तंतोतंत सपाट होती. जल्लूलने पाहायला हवी होती.

९

बंदरावर अनीस मला ओळखू आला तो त्याच्या चालीवरून. अंगाने भरला होता, केस कमी झाले होते. मी बोलायचं ठरवलेलं विसरलो आणि तो गळ्यात पडला. मग गाडीभोवती फिरला, रंगावर हात फिरवला. "बाबा, तुम्ही केलीत ही?" तीन मोठ्या बॅगा, एक सायकल, आईसाठी शिवणयंत्र. सगळं हौद्यात चढवलं. निघताना गाडी मागून बसली, ते स्वाभाविक होतं.

वाटेत तो बोलला: काम, खोली, तिकडची थंडी. मध्येच वळून मागच्या काचेकडे बघत राहिला.

"काय रे?"

"काही नाही. ओल्या कपड्यांचा वास येतोय."

चारच्या सुमाराला गल्लीत शिरलो. पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. त्या अर्ध्या तासासाठीच मी सात महिने गंज घासला होता. मोंजिया त्याला आत घेऊन गेली. जल्लूलने बॅगा उतरवल्या, सायकल उतरवली, शिवणयंत्र उतरवलं, आणि ताडपत्री सोडून देऊन मागे सरकला.

"दाजी, हौदा रिकामा झाला," तो म्हणाला.

"बरं."

"बरं काय? बघा."

गाडी खाली बसलेली होती. आता एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंनी, पार टायरपर्यंत. मागच्या फळीखालून पाणी ठिबकत होतं. मी बोट लावलं आणि चाखलं. डांबर नव्हतं. खारट होतं.

अनीस दारात आला होता. हातात अर्धा खाल्लेला ब्रीक. त्याने गाडीकडे पाहिलं, मग खाली ओघळाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तो पुढे आला, ताडपत्री बोटभर बाजूला केली आणि बराच वेळ आत बघत राहिला. त्या फटीतून मला दिसलं ते एवढंच: फळीवर टेकवलेला एक बूट, त्याची हिरवी नाडी, आणि नाडीच्या टोकाला लोंबलेला पाण्याचा थेंब.

अनीसने ताडपत्री पुन्हा लावली. दोरीची गाठ अलगद मारली, कुणाला चिमटा बसू नये तशी.

"चला, बाबा," तो म्हणाला. "मी दाखवतो घरं."

"घरं मला माहीत आहेत," मी म्हणालो, आणि इंजिन चालू केलं.

मोंजिया भांडं भरून धावत आली. आम्हा दोघांची तोंडं बघितली, मग ठिबकणारी गाडी बघितली, आणि भांडं उंबऱ्यात ठेवून दिलं.

पहिलं घर समोरचंच होतं. सलवाचं दार उघडंच होतं.